‘मिन्ना नो निहोंगो’चे पन्नास पाठ आणि त्यापुढचे जपानी : मराठी विद्यार्थ्यासाठी एक परीक्षण

विद्यापीठात जपानी शिकायला बसणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याच्या हातात पहिल्याच आठवड्यात जे पुस्तक येते, ते बहुतेक वेळा ‘मिन्ना नो निहोंगो’ असते. टोकियोच्या थ्री ए नेटवर्क या प्रकाशनसंस्थेने ते १९९८ मध्ये प्रथम काढले. पहिल्या भागाची सुधारित दुसरी आवृत्ती २०१२ मध्ये आणि दुसऱ्या भागाची त्यानंतरच्या वर्षी आली. प्राथमिक पातळीच्या दोन भागांत मिळून ५० पाठ, मध्यम पातळीच्या दोन भागांत २४ पाठ, आणि त्यांच्याभोवती कांजी (चिनीतून आलेली जपानी चित्राक्षरे), वाचन, लेखन व श्रवणाची पूरक पुस्तके, असा हा मोठा संच आहे. मी तो आधी विद्यार्थिनी म्हणून आणि पुढे शिकवताना वापरला आहे. माझे मत आरंभीच सांगते. व्याकरणाचा पाया घालण्याच्या बाबतीत पहिल्या पन्नास पाठांच्या तोडीचे पुस्तक मी पाहिलेले नाही. मात्र मराठी भाषकाने ते इंग्रजीच्या आधाराने वाचले तर निम्मी सोपी भाषा अवघड होऊन बसते, आणि पन्नासावा पाठ संपल्यावर केवळ याच संचावर विसंबून राहिले तर प्रगती मंदावते.

पुस्तकाची रचना समजून न घेता खरेदी केल्यास पंचाईत होते, म्हणून ती आधी पाहू. मूळ पाठ्यपुस्तक संपूर्ण जपानीत आहे. सूचनासुद्धा जपानीत आहेत आणि कांजीवर बारीक अक्षरांत हिरागाना ही उच्चार दाखवणारी लिपी छापलेली आहे. शब्दार्थ आणि व्याकरणाचे स्पष्टीकरण यांचा वेगळा खंड असतो आणि तो अनेक भाषांत निघतो. आपल्याकडच्या वर्गांत सर्रास इंग्रजी खंड वापरला जातो. प्रत्येक पाठात आधी बुनकेई म्हणजे वाक्यरचनांचे नमुने, मग रेइबुन ही उदाहरणे, मग काइवा हा संवाद, त्यानंतर ए, बी, सी अशा तीन टप्प्यांची रेन्शू म्हणजे सराव आणि शेवटी मोन्दाई हे प्रश्न, असा क्रम असतो आणि तो पन्नासही पाठांत मोडत नाही. काही विद्यार्थ्यांना हा क्रम नीरस वाटतो. मला मात्र तीच या पुस्तकाची मोठी ताकद वाटते, कारण रेन्शू बी मधील एकाच साच्याची आठ-दहा वाक्ये मोठ्याने म्हणून झाल्यावर क्रियापदाचे रूप आठवावे लागत नाही, ते तोंडात आपोआप येते. चौदाव्या पाठात येणारे क्रियापदाचे ‘ते’ रूप ज्यांनी या रेन्शूंमधून मनापासून घोटले, त्यांना पुढचे छत्तीस पाठ सुसह्य जातात. ज्यांनी ते केवळ तक्त्यात पाहून सोडले, त्यांचा पाय पुढे प्रत्येक पाठात अडखळताना मी वर्गात पाहिला आहे.

आता इंग्रजी खंडाविषयी. तो नेटका आहे, अचूक आहे, परंतु तो इंग्रजी भाषकाच्या अडचणी सोडवण्यासाठी लिहिलेला आहे आणि त्यातल्या पुष्कळशा अडचणी आपल्या नाहीतच. नववा पाठ पाहा. ‘सुकी’ या शब्दाबरोबर आवडणाऱ्या वस्तूला कर्माचा ‘ओ’ न लागता कर्त्याचा ‘गा’ का लागतो, हे इंग्रजीतून सांगताना शिक्षकाला बराच वेळ लागतो, कारण इंग्रजीत आवडणारी वस्तू हे कर्म असते. मराठीत ‘मला सफरचंद आवडते’ या वाक्यात सफरचंदच प्रथमेत आहे आणि क्रियापद त्याच्याच मागे जाते. ‘वाताशि वा रिंगो गा सुकी देसु’ हे वाक्य मराठी विद्यार्थ्याला समजावून सांगायचीही गरज पडू नये. तेराव्या पाठातल्या ‘होशिइ’चेही तसेच आहे, ‘कुरुमा गा होशिइ देसु’ आणि ‘मला गाडी हवी आहे’ यांत गाडीची जागा एकच आहे. ‘समजते’ आणि ‘येते’ या अर्थांची जपानी क्रियापदेही याच चालीने चालतात. असे असूनही वर्गातले अनेक विद्यार्थी या ठिकाणी ‘ओ’ लावून चुकतात, कारण ते मराठीतून जपानीत जात नाहीत, मध्ये इंग्रजीचा थांबा घेतात.

बाविसावा पाठ हा इंग्रजी भाषकांसाठी पहिल्या भागातला सर्वांत कठीण पाठ समजला जातो, कारण त्यात नामाचे वर्णन करणारे अख्खे वाक्य नामाच्या आधी ठेवायचे असते. ‘क्योतो दे तोत्ता शाशिन’ म्हणजे ‘क्योतोत काढलेला फोटो’. शब्दांचा क्रम जसाच्या तसा आहे. ‘आईने केलेला लाडू’, ‘काल भेटलेला मुलगा’, ‘पुढच्या आठवड्यात होणारी परीक्षा’ अशी रचना आपण दिवसभर करत असतो. एखाद्या शिक्षकाने हा पाठ फळ्यावर मराठी वाक्ये लिहून सुरू केला, तर इंग्रजी टिपणावर खर्च होणारा बराचसा वेळ सरावाला मिळतो.

पण मराठी आणि जपानी यांचे सर्वांत सुंदर साम्य ‘ते’ रूपाच्या संयुक्त क्रियापदांत आहे, आणि पुस्तक ती निरनिराळ्या पाठांत विखरून देत असल्यामुळे ते विद्यार्थ्याच्या नजरेत भरत नाही. जपानी ‘ते’ म्हणजे बहुतेक ठिकाणी आपले ‘-ऊन’. तिसाव्या पाठातले ‘कात्ते ओकु’ म्हणजे घेऊन ठेवणे. आणि ‘ओकु’ या क्रियापदाचा स्वतंत्र अर्थही ठेवणे असाच आहे. चाळिसाव्या पाठातले ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन पाहणे, आणि ‘मिरु’ म्हणजे पाहणे. एकोणतिसाव्या पाठातले ‘ताबेते शिमाउ’ हे मराठीतल्या ‘खाऊन टाकणे’च्या अगदी जवळ येते, त्यातल्या ‘होऊन गेले, आता इलाज नाही’ या छटेसकट. चोविसाव्या पाठातले ‘काइते मोराउ’ म्हणजे लिहून घेणे. त्रेचाळिसाव्या पाठातल्या ‘इत्ते कुरु’चा अर्थ जाऊन येणे, घरातून निघताना जपानी माणूस ‘इत्ते किमासु’ म्हणतो, आणि आपल्याकडे निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ किंवा ‘जाऊन येतो’ म्हणतात. या पाचही रचनांना इंग्रजी खंडात स्वतंत्र स्पष्टीकरणे आहेत आणि तिथे ती लागतातच. मराठी विद्यार्थ्याने मात्र वहीच्या एका पानावर या सगळ्या जोड्या एकत्र लिहाव्यात. दुसऱ्या भागाचे ओझे तेवढ्याने हलके होते. ‘सुवात्ते इरु’सारख्या वाक्यांचीही हीच गोष्ट. इंग्रजीच्या चष्म्यातून ती चालू क्रिया वाटते, मराठीत आपण सरळ ‘बसला आहे’ म्हणतो आणि अर्थ नेमका बसतो.

साम्य दिसले म्हणून सगळीकडे ते लावत जाणेही बरोबर नाही. चोविसाव्या पाठातच ‘आगेरु’ आणि ‘कुरेरु’ यांचा भेद येतो. दोन्हींचा अर्थ देणे, परंतु देण्याची दिशा माझ्याकडून बाहेर आहे की बाहेरून माझ्याकडे आहे, यावर क्रियापद बदलते. मराठीचे ‘देणे’ दोन्ही दिशांना तेच राहते, त्यामुळे इथे मराठी मदतीला येत नाही, आणि रेन्शू बी दोनदा करण्याला पर्याय नाही. सदतिसाव्या पाठात कर्मणी प्रयोग येतो, आणि पुढे त्याचाच ‘आमे नि फुरारेता’ असा जो प्रकार भेटतो तोही आपल्याला परका आहे: पावसाने माझी गैरसोय केली हे पावसाच्या अकर्मक क्रियापदालाच कर्मणी करून सांगणे मराठीत शक्य नाही. अठ्ठेचाळिसाव्या पाठातले प्रयोजक रूप ‘करायला लावणे’ आणि ‘करू देणे’ या दोन्ही अर्थांना एकच आहे. कोणता अर्थ घ्यायचा ते संदर्भावरून ठरते, आणि त्यासाठी पाठातली उदाहरणे मला अपुरी वाटतात. विषय दाखवणारा ‘वा’ आणि कर्ता दाखवणारा ‘गा’ यांच्यातला फरक तर पहिल्या पाठापासून पन्नासाव्यापर्यंत झिरपत राहतो आणि पुढेही सुटत नाही.

शेवटच्या दोन पाठांतले केइगो, म्हणजे आदरार्थी भाषा, यांवर थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण तिथे मराठी विद्यार्थी आत्मविश्वासाने चुकतो. आदरार्थी बहुवचन आपल्या रक्तात आहे. ‘बाबा आलेत’, ‘सर म्हणाले’ हे आपण विचार न करता बोलतो. एकोणपन्नासाव्या पाठातले सोन्केइगो, म्हणजे दुसऱ्याला मान देणारी भाषा, त्यामुळे सहज पचते. पन्नासाव्या पाठातले केन्जोगो, म्हणजे स्वतःकडे कमीपणा घेणारी भाषा, मात्र उलट दिशेने चालते. बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या घरच्यांचा आणि आपल्या कचेरीतल्या वरिष्ठांचा उल्लेख नम्रतेने, म्हणजे खालच्या पातळीवर करायचा असतो. बाहेरून दूरध्वनी आला तर स्वतःच्या साहेबांच्या नावापुढचे आदरार्थी ‘सान’सुद्धा गाळायचे असते. मराठी माणसाला परक्यासमोर वडिलांविषयी आदरार्थी न बोलणे हे असभ्य वाटते, आणि त्याची जीभ तिथे अडते. पुस्तकाने हा विषय सातव्या पाठाच्या सुमारास ‘चिचि’ (माझे वडील) आणि ‘ओतोसान’ (दुसऱ्याचे वडील) अशा नात्यांच्या दुहेरी शब्दांतून सुचवलेला असतो. पण तो धागा पन्नासाव्या पाठापर्यंत स्पष्टपणे ओढून आणण्याचे काम शिक्षकावरच राहते. पुण्यात जपानी कंपन्यांशी कामाचा संबंध असलेले कितीतरी लोक ही भाषा शिकतात, आणि त्यांना नेमकी याच पाठांची गरज सर्वांत आधी पडते. त्यांनी एकोणपन्नास आणि पन्नास हे पाठ परीक्षेच्या घाईत उरकू नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उच्चारांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. ‘त्सु’ हा ध्वनी ‘चमचा’ या मराठी शब्दातल्या दंत्य चकाराच्या इतका जवळ आहे की तो वेगळा शिकवावा लागत नाही. द्वित्त व्यंजनेही ‘पक्का’, ‘कच्चा’ म्हणणाऱ्या जिभेला नवी नाहीत. अडचण येते ती ऱ्हस्व-दीर्घाची. लिहिताना आपण वेलांटी आणि उकार यांची काळजी घेतो, पण बोलताना इ-ई आणि उ-ऊ यांतला फरक मराठीत अर्थ बदलण्याइतका महत्त्वाचा राहिलेला नाही, आणि ए व ओ यांना तर देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ अशी वेगळी अक्षरेच नाहीत. जपानीत ‘युकि’ म्हणजे बर्फ आणि ‘यूकि’ म्हणजे धैर्य. आखूड ‘कोको’ म्हणजे इथे आणि दोन्ही ओ लांबवलेले ‘कोऽकोऽ’ म्हणजे माध्यमिक शाळेनंतरचे विद्यालय. म्हणून या परीक्षणात मी सोयीसाठी जे करते आहे, ते विद्यार्थ्याने पुस्तकात करू नये: हिरागानाच्या शेजारी पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहू नयेत. हिरागानाची मूळ ४६ अक्षरे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पाठ करावीत आणि पुस्तकासोबतचे ध्वनिमुद्रण रोज ऐकावे. चोकाईत, म्हणजे श्रवणाच्या परीक्षेत, गुण जातात ते मुख्यतः इथे.

कांजीसाठी मूळ पुस्तक पुरेसे नाही. तसा त्याचा दावाही नाही. संचातली स्वतंत्र कांजी पुस्तके घ्यावीत, किंवा शिक्षक सांगतील ती. जपान सरकारच्या नित्यवापराच्या यादीत २०१० पासून २१३६ कांजी आहेत, आणि ती मजल विद्यापीठाच्या सुरुवातीच्या वर्षांत गाठायची नसते.

संवादांविषयी माझे मत मिश्र आहे. माइक मिलर हा अमेरिकन कर्मचारी आयएमसी नावाच्या कंपनीत येतो, पहिल्या पाठात ओळख करून देतो, पंचविसाव्या पाठात त्याची ओसाकाहून टोकियोला बदली होते आणि पन्नासाव्या पाठात भाषणस्पर्धा जिंकून तो सर्वांचे आभार मानतो. पात्रे शेवटपर्यंत सोबत राहतात ही गोष्ट मला आवडते. दुसऱ्या आवृत्तीत टेलिफोन कार्डासारखे कालबाह्य शब्द काढून संवाद ताजे केले आहेत, हेही योग्य झाले. पण या पुस्तकाचा मोहरा जपानमध्ये काम करायला आलेल्या प्रौढ माणसाकडे आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला बँक, कारखाना आणि बदली यांत स्वतःचे आयुष्य दिसत नाही. द जपान टाइम्सने काढलेले ‘गेन्की’ हे दोन भागांचे आणि २३ पाठांचे पुस्तक विद्यापीठातील विद्यार्थ्यांभोवती रचलेले आहे, त्यात स्पष्टीकरणेही पाठातच आहेत, आणि घरी एकट्याने शिकणाऱ्याला ते अधिक सोयीचे पडते. तरीही ज्या वर्गात समोर शिक्षक आहे आणि वीस-पंचवीस जणांनी एका आवाजात सराव करायचा आहे, तिथे मी ‘मिन्ना’लाच पसंती देईन. मराठी विद्यार्थ्यासाठी त्यात आणखी एक फायदा आहे: मुख्य पुस्तकात इंग्रजी नसल्यामुळे शिक्षकाला हवे तर पूर्ण पाठ जपानी आणि मराठी या दोनच भाषांत घेता येतो.

पन्नास पाठ झाले की विद्यार्थी साधारणपणे जेएलपीटीच्या, म्हणजे जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या, एन-४ या पातळीला बसतो आणि नीट अभ्यास केला असेल तर उत्तीर्ण होतो. खरी खिंड त्यानंतर येते. ती पूर्वीपासूनच होती. जुन्या चार पातळ्यांच्या परीक्षेत तिसरी आणि दुसरी पातळी यांत फार मोठे अंतर होते, म्हणून तर २०१० च्या नव्या रचनेत एन-३ ही पातळी मध्ये घालण्यात आली. ‘मिन्ना’चे मध्यम पातळीचे दोन भाग या खिंडीवर पूल बांधू पाहतात. पहिल्या मध्यम भागातला विनंती, नकार, सबब, समजूत असे प्रसंग बोलून दाखवण्यावरचा भर उपयुक्त आहे. पण त्यातले वाचनपाठ मला तोकडे वाटतात, आणि या टप्प्यावर विद्यार्थ्याची भूक वाचनाची असते. कुरोशिओ या प्रकाशनसंस्थेचे २००९ सालचे ‘तोबिरा’ त्यासाठी अधिक चांगले आहे. त्याचे १५ पाठ भूगोल, खेळ, धर्म, शिक्षण, इतिहास, राजकारण अशा विषयांवर आहेत, आणि दुसऱ्याच पाठात बोलण्याच्या शैली, म्हणजे कुणाशी कोणत्या थाटात बोलायचे, हा विषय घेतला आहे. विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला त्यात चर्चा करण्याजोगे काहीतरी सापडते. स्पष्टीकरणे पुन्हा इंग्रजीत आहेत, पण तोपर्यंत विद्यार्थ्याला मराठीचा आधार स्वतः शोधता येऊ लागलेला असतो.

या टप्प्यावर मराठीचा आधार वेगळ्या ठिकाणी मिळतो. जपानीत शब्दांचे मुख्य दोन थर आहेत, मूळ जपानी आणि चिनी भाषेतून आलेले, आणि लेखन जितके औपचारिक तितका दुसरा थर जाड होत जातो. ‘हाजिमेरु’च्या जागी ‘काइशि सुरु’ येते, जसे आपण ‘सुरू करणे’ऐवजी ‘प्रारंभ करणे’ लिहितो. ज्याने मराठी अग्रलेख वाचले आहेत त्याला रोजचे शब्द आणि संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले तत्सम शब्द यांतला हा तोल ओळखीचा असतो, आणि ‘सुरु’ लावून नामाचे क्रियापद करण्याची जपानी पद्धत आपल्या ‘स्पष्टीकरण करणे’, ‘निरीक्षण करणे’ यांच्यासारखीच चालते. दोक्काईच्या, म्हणजे वाचन-आकलनाच्या, तासाला मी हे वारंवार सांगते, आणि विद्यार्थ्यांची लांब वाक्यांची भीती त्यामुळे कमी झालेली दिसते.

प्रगत पातळीवर परीक्षणासाठी एकच एक पुस्तक उरत नाही. एन-२ आणि एन-१ साठीची सरावपुस्तके बाजारात पुष्कळ आहेत, आणि त्या दोन परीक्षांना १८० पैकी अनुक्रमे ९० आणि १०० गुण, शिवाय प्रत्येक विभागात किमान १९ गुण लागतात, एवढे गणित पक्के ठेवले तर तयारीची आखणी होते. पण या परीक्षेत बोलायचे नसते आणि लिहायचेही नसते. समोरच्या पर्यायांतून उत्तर निवडायचे असते. एन-२ झालेला माणूस पंधरा ओळींचे पत्र लिहू शकेलच असे नाही. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचे मोल मला इथे जाणवते, कारण तिथे साकुबुन म्हणजे निबंध लिहावे लागते, ते लाल शाईने तपासून परत मिळते, आणि ‘देसु-मासु’ची बोलीतली शैली सोडून ‘दे आरु’ची लेखी शैली हाताला वळवावी लागते. खेदाची गोष्ट अशी की एका विद्यापीठात, मी ज्या वर्षांत शिकत होते तेव्हा, वरच्या वर्गात निबंध तपासून देण्याची पद्धत हळूहळू बंद पडली आणि तास एन-२ च्या प्रश्नपत्रिका सोडवण्यात जाऊ लागले. प्रवेश घेण्याआधी वरच्या वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याची तपासलेली वही पाहायला मागावी. त्या वहीत शिक्षकाने केवळ बरोबर-चूक अशा खुणा केल्या आहेत की वाक्ये बदलून लिहून दिली आहेत, यावरून तो अभ्यासक्रम घ्यावा की नाही हे कळते.

स्वतंत्र वाचनासाठी आओझोरा बुन्को हे संकेतस्थळ आहे. स्वामित्वहक्क संपलेले जपानी साहित्य १९९७ पासून तिथे विनामूल्य उपलब्ध होत आले आहे. जुन्या लेखनपद्धतीमुळे सुरुवातीला ते कठीण जाते, म्हणून मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींपासून आरंभ करावा.

खरेदीविषयी शेवटचे. प्राथमिक दोन भागांचे मूळ पुस्तक आणि स्पष्टीकरणाचा खंड हे दोन्ही घ्यावेत. भारतात छापलेली आवृत्ती आयात केलेल्या प्रतीपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि आशय तोच असतो. रोमन लिपीत छापलेली आवृत्ती घेऊ नये, कारण तिने लिपी शिकणे लांबते. वापरलेली प्रत घेताना ती दुसऱ्या आवृत्तीची आहे आणि मोन्दाईची उत्तरे आधीच शाईने भरलेली नाहीत, हे पाहून घ्यावे. पूरक पुस्तके एकदम घेऊ नयेत. श्रवणाचे आधी घ्यावे, लेखनाचे पंचविसाव्या पाठानंतर. मध्यम पातळीचे भाग शिक्षकांनी सांगितल्याशिवाय घेऊ नयेत, आणि वर्गात ‘तोबिरा’ लावलेले असेल तर त्यांतला केवळ पहिला मध्यम भाग संवादांसाठी जवळ ठेवावा.